तड्यावरची काच

अमेदेओचा वस्तरा डाव्या कानाखालून हनुवटीपर्यंत आला होता, तेवढ्यात आरशाखालच्या फळीवरच्या बाटल्या एकमेकींना लागून किणकिणल्या. एवढंच झालं. वरच्या मजल्यावर कोणी जड कपाट ओढावं तसं. वाटीतलं साबणाचं पाणी एकदा काठापर्यंत चढून परत बसलं, दिव्याची साखळी किंचित झुलली, आणि साव्हेरिओ मोन्तेफुस्कोच्या हनुवटीवर एक बारीक लाल रेघ उमटली. संसदेच्या तळमजल्यावरच्या या खोलीत अमेदेओ पस्तीस वर्षं मंत्र्यांच्या दाढ्या करत होता. तेवढ्या काळात तीसेक सरकारं पडली असतील, पण त्याच्या हातून कोणाला चिरा गेला नव्हता. "माफ करा साहेब," तो म्हणाला आणि तुरटीचा खडा शोधू लागला. "बाहेरून ट्राम गेली असेल." "या रस्त्याला ट्राम आहे कुठे?" साव्हेरिओ म्हणाला, आणि म्हटल्यावर त्याचं त्यालाच कळलं, की आपण उगाच मोठ्याने बोललो. अमेदेओने तुरटी जखमेवर दाबून धरली. ती झोंबली. "मग धक्काच," अमेदेओ म्हणाला, "लांबचा. आमच्या आईला कळायचं हे. बाटल्या वाजल्या की हातातलं काम टाकून म्हणायची, कोणाचं तरी घर गेलं."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून अठरा मिनिटं झाली होती. शुक्रवार होता. खरं तर या क्षणी साव्हेरिओने इथे असायचंच नव्हतं. त्याने असायचं होतं सेर्राकुपात, दक्षिणेच्या डोंगरातल्या आपल्या गावी, चौकात, बँडच्या तालावर माना डोलावणाऱ्या माणसांच्या मधोमध. शाळेच्या दारावर एक संगमरवरी पाटी बसवली होती, तिच्यावर निळं कापड टाकलं होतं, आणि साडेदहाला ते कापड त्याने ओढायचं होतं. पाटीवर त्याच्या आईचं नाव होतं. फिलोमेना मोन्तेफुस्को प्राथमिक शाळा. आईला सही येत नव्हती, ती कागदावर फुली मारायची. तिचं नाव शाळेला द्यावं ही कल्पना नगराध्यक्ष गेरार्दोची, आणि साव्हेरिओचे डोळे त्या वेळी खरोखरच भरून आले होते. पण गुरुवारी दुपारी कुजबुज सुरू झाली. सरकार या आठवड्यात पडणार, नवी यादी तयार होते आहे, शुक्रवारी बाराला पक्षाची बैठक आहे. आयुष्यात तो एक गोष्ट शिकला होता : जो गावाला जातो त्याची खुर्ची आधी जाते. त्याने सचिवाला सांगितलं, कार्यक्रम पुढच्या शनिवारी करू. मग सकाळी उठून बैठकीसाठी गुळगुळीत दाढी करायला इथे येऊन बसला. आणि आता बाटल्या वाजल्या होत्या.

अर्धा देश डोंगरांचा आहे. त्या डोंगरांत हजारो गावं, आणि जमीन वर्षातून दहा वेळा कुठे ना कुठे कूस बदलते. हे सगळं त्याला ठाऊक होतं. तरी त्याच्या डोळ्यांपुढे एकच इमारत आली. पिवळी, दुमजली, पुढे रुंद पडवी, आणि पडवीच्या तुळईवर कोपऱ्यात नखाने ओढल्यासारखी एक रेघ. ती रेघ त्याने स्वतः कधी पाहिली नव्हती. बालमित्र कोसिमोने सांगितली होती. न पाहिलेली वस्तू इतकी स्पष्ट कशी दिसते, याचा त्याला राग आला. "फोन," तो म्हणाला. आरशाशेजारीच भिंतीवर फोन होता. मंत्र्यांना दाढी अर्धी टाकून पळावं लागू नये म्हणून बसवलेला. गळ्यातला पांढरा कपडा तसाच ठेवून, डावा गाल स्वच्छ आणि उजव्या गालावर फेस, असा तो उभा राहिला आणि सचिव तुल्लिओला म्हणाला, "कुठे झालाय?"

"दक्षिणेला, साहेब," तुल्लिओ म्हणाला. "वेधशाळेचा आत्ताच फोन होता. आपल्याच जिल्ह्यात म्हणतात. चांगला चाळीस सेकंद. लाईनी सगळ्या बंद आहेत."

"शाळा?"

"कुठली शाळा?"

"अरे, आज कार्यक्रम होता ती!"

"तो आपण पुढे ढकललात ना साहेब. काल सहालाच मी नगराध्यक्षांना कळवलं. अगदी स्पष्ट सांगितलं, मुलांना चौकात उभं करू नका, थंडी आहे, वर्ग नेहमीसारखे भरवा." तुल्लिओच्या आवाजात काम चोख केल्याचं समाधान होतं. "मुलं वर्गात असतील, साहेब. काळजी नको."

साव्हेरिओने फोन ठेवला. ठेवताना तो आकड्यावर नीट बसेना, दोनदा घसरला. परत येऊन खुर्चीत बसला, पण अमेदेओने वस्तरा उचलल्यावर त्याने हात आडवा केला. "नको. राहू दे." "दुसरा गाल राहिलाय साहेब." "राहू दे म्हटलं ना." का, ते त्याला सांगता आलं नसतं. लहानपणी आई चुलीवर भांडं चढवून कोणाची वाट पाहत असली की ते माणूस घरात येईपर्यंत भांडं उतरवत नसे. उतरवलं तर माणूस यायचं नाही, असं तिला वाटे. तसंच काहीतरी. दाढी अर्धी आहे तोवर काही ठरलेलं नाही. अमेदेओने उजव्या गालावरचा फेस पुसला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर वर्तमानपत्र घेऊन बसला. पान मात्र उलटलं नाही.

एकशे बारा मुलं. आकडा त्याला पाठ होता, कारण पाटीच्या कार्यक्रमासाठी एकशे बारा कागदी झेंडे आणि तेवढ्याच बदामाच्या मिठाईच्या पुड्या त्याच्या कचेरीनेच पाठवल्या होत्या. आकडे आणि नावं हीच तर त्याची विद्या. त्याचे विरोधक म्हणत, मोन्तेफुस्कोला स्वतःचं मत नाही, आणि ते बरोबरच होतं. पण त्याच्याकडे माणसांची नावं होती. भेटलेला माणूस वीस वर्षांनी भेटला तरी त्याच्या बायकोचं दुखणं, मुलाची परीक्षा, खेचराचा रंग, सगळं आठवे. याच भांडवलावर तो पाद्र्याच्या घरी कपडे धुणाऱ्या बाईचा मुलगा पाच खात्यांचा मंत्री झाला. पाद्र्याने त्याला शिकवलं, नेपल्सला वकिलीला धाडलं, आणि सव्विसाव्या वर्षी पक्षाच्या जिल्हा कचेरीत एक टेबल मिळालं. त्या टेबलावर बसून त्याने शिफारशीची पत्रं लिहायला सुरुवात केली. कोणाला पोस्टात चिकटवायचं, कोणाला रेल्वेत, कोणाच्या म्हातारीचं पेन्शन, कोणाच्या पोराची लष्करातली बदली. पत्र गेलं की मत आलं. यात काही पाप आहे असं त्याला कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्या चुली त्या पत्रांवर पेटल्या त्यांनाही वाटलं नाही. आयुष्यातलं पहिलं पत्र त्याने कोसिमोसाठी लिहिलं होतं.

कोसिमो पालादिनो. प्राथमिक शाळेत एका बाकावरचा. दोघांत एक कंपासपेटी. ती कोसिमोच्या काकाची, त्यामुळे वर्तुळं कोसिमो काढायचा आणि साव्हेरिओ त्याला गणितं विचारायचा. कोसिमो पुढे बांधकामाची परीक्षा पास झाला आणि दोन वर्षं रिकामा बसला. मग साव्हेरिओने पत्र लिहिलं, आणि तो जिल्ह्याच्या बांधकाम खात्यात ओव्हरसियर झाला. पत्रातलं वाक्य अजून त्याच्या ध्यानात होतं, कारण पहिल्या पत्रात माणूस जीव ओततो. 'या माणसाला मी लहानपणापासून ओळखतो. तो खोटं बोलत नाही.' पुढच्या हजारो पत्रांत हे वाक्य त्याने पुन्हा कधी लिहिलं नाही. ते गुण म्हणून फारसं कोणाला नको होतं, हे त्याला लवकरच कळलं.

दार उघडून एक डोकं आत आलं. विरोधी गटातला खासदार, जाडगेला, नेहमी हसणारा. "अरे वा! मोन्तेफुस्को, अर्धीच दाढी? अर्ध्यात सरकार पडलं की काय?" साव्हेरिओ हसला. हसू आपोआप आलं, पस्तीस वर्षांच्या सवयीचं. "खुर्ची सोडू नका हं," खासदार म्हणाला, "उठलात की कोणीतरी बसेल." दार बंद झालं. हसू मात्र चेहऱ्यावर तसंच राहिलं होतं, आरशात दिसलं, आणि ते काढून टाकायला त्याला थोडा वेळ लागला. अर्धा चेहरा मंत्र्याचा, अर्धा सकाळी उठलेल्या कोणा म्हाताऱ्याचा. पांढरे खुंट. गावात बापाची अशीच दाढी वाढायची.

अकरा वर्षांपूर्वीचा जून. सेर्राकुपात पंधरा जूनला संत व्हितोची यात्रा, आणि त्या साली निवडणूक एकवीसला. बांधकाम खातं पहिल्यांदाच त्याच्याकडे आलं होतं आणि आपल्या गावाला शाळा द्यायची असं त्याने ठरवलं होतं. खरंच द्यायची होती. मुलं तेव्हा जुन्या तेलघाण्याच्या खोलीत शिकत, हिवाळ्यात कोट घालून. सेर्राकुपातली रीत अशी, की गावात काही नवं उभं राहिलं, विहीर असो, पूल असो, दवाखाना असो, तर यात्रेच्या दिवशी संताची मूर्ती तिथे नेऊन टेकवायची. संत टेकला की वास्तू गावाची झाली. नाही टेकला तर ती नुसती सरकारी. आणि सरकारी इमारतीसाठी मत कोण देतो? तेव्हा शाळा पंधरा जूनला उभी हवी होती. उद्‌घाटनं यात्रेला, यात्रा निवडणुकीआधी. सगळा देश तेव्हा असाच बांधला जात होता आणि कोणाला त्यात वावगं दिसत नव्हतं. पडवीचा स्लॅब भरला गेला दोन जूनला. तेरा तारखेला साव्हेरिओ गावात पोचला तेव्हा पडवीखाली लाकडी टेकूंचं रान उभं होतं. मूर्ती आत न्यायला वाट नव्हती.

"टेकू काढा," तो म्हणाला होता.

"अठ्ठावीस दिवस," कोसिमो म्हणाला. तो टेकूंमध्येच उभा होता, डोक्यावर कागदाची टोपी, हातात पाण्याची नळी. "अकराच झालेत. पाणी मारतोय अजून. तीस जूनला ये, मीच काढून देतो."

"कोसिमो, निवडणूक एकवीसला आहे."

"मी काय करू? काँक्रीटला सांगू? त्याला तुमचं कॅलेंडर कळत नाही, साव्हे. ते आपले दिवस आपण मोजतं."

आजूबाजूचे गवंडी हसले होते. ते हसणं साव्हेरिओला लागलं. कॉन्ट्रॅक्टर शेजारीच होता, तो कानात म्हणाला, काही होत नाही साहेब, आम्ही दहाव्या दिवशीसुद्धा काढलेत. गेरार्दो, जो तेव्हा नुकताच नगराध्यक्ष झाला होता आणि एरवी गावचा औषधवाला, तो म्हणाला, संत आहे ना धरायला! आणि साव्हेरिओनेही तेच म्हटलं, मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "संत धरील." सगळे हसले, या वेळी त्याच्या बाजूने. कोसिमोने नळी बंद केली, तोंडावरचा सिमेंटचा शिंतोडा पुसला आणि म्हणाला, "मग काम पुरं झाल्याच्या दाखल्यावर संताचीच सही घे. मी करत नाही." त्याने केली नाही. दुसऱ्या कोणी केली. सही करणारे मिळतात. शिफारशीची पत्रं त्याचसाठी तर असतात.

आणि पंधरा तारखेला साठ माणसांच्या खांद्यांवर संत व्हितो आला. त्या वर्षीचा मान म्हणून मूर्तीच्या दांड्यावर ठोकायचा लाकडी हातोडा साव्हेरिओच्या हातात दिला होता. पहिला ठोका, माणसांनी दांड्याखाली जायचं, दुसरा, खांदा द्यायचा, तिसरा, उचलायचं. पडवीत मूर्ती टेकली, पाद्र्याने पाणी शिंपडलं, बायका रडल्या, त्याची आई पहिल्या रांगेत काळ्या शालीत. मग उचलायची वेळ आली. टोक. टोक. टोक. तिसऱ्या ठोक्याला साठ माणसं एकदम उठली, आणि वरून काहीतरी त्याच्या कोटाच्या खांद्यावर पडलं. पिठासारखं. त्याने ते झटकलं. झटकताना नजर गर्दीवरून गेली आणि कडेला कोसिमो दिसला. सगळं गाव संताकडे पाहत होतं. कोसिमो छताकडे पाहत होता. मग त्याने खाली, साव्हेरिओच्या खांद्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. एखाद्याने आपल्या देखत न पिकलेलं फळ खाल्लं की आपण पाहतो, तशी होती. साव्हेरिओ निवडून आला, गावातून एकही मत फुटलं नाही, आणि सप्टेंबरात कोसिमोची बदली सार्डिनियाला झाली. ती त्याने केली नाही. फक्त कोणी विचारलं तेव्हा तो गप्प बसला.

फोन वाजला. अमेदेओ उठला, पण साव्हेरिओ त्याच्या आधी पोचला होता. तुल्लिओ. "साहेब, पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप आहे. सेर्राकुपात घरं बरीचशी शाबूत आहेत. चर्चचा घंटामनोरा उभा आहे." मग तो म्हणाला, "शाळा पडली म्हणतात." "म्हणजे किती?" "पडली, साहेब. एवढंच आलंय. मग वायरलेस बंद झाला." साव्हेरिओने विचारलं, "मुलं?"  तुल्लिओ हळूच म्हणाला, "साहेब, बैठक बाराला आहे. या परिस्थितीत आपण थोडं आधी गेलात तर... पत्रकार येतील. शाळा आपल्या नावावर आहे." तो बरोबर बोलत होता. चांगला सचिव होता तो. साव्हेरिओने त्याला शिव्या दिल्या, गावाकडच्या, ज्या त्याने तीस वर्षांत तोंडातून काढल्या नव्हत्या, आणि फोन ठेवला.

आता त्याला बसवेना. खोलीत पाच पावलं पुढे, पाच मागे. घरं उभी, मनोरा उभा, आणि शाळा पडली. जुन्या मातीच्या भिंती उभ्या राहिल्या, गाढवं बांधायचे गोठे उभे राहिले आणि त्याची शाळा पडली. आणि मुलं आत होती, कारण त्याने यायचं रद्द केलं. तो गेला असता तर मुलं चौकात असती. तो इथे होता, एका खुर्चीसाठी, म्हणून मुलं आत होती. एकदा पाप केलं ते अकरा वर्षांपूर्वी, आणि ते पुरेसं नव्हतं म्हणून काल दुपारी त्याने त्याच्यावर शिक्का मारला. "देवा," तो म्हणाला, "देवा, माझं मंत्रिपद घे. सगळं घे. उद्या राजीनामा देतो. सगळ्यांसमोर सांगतो, टेकू मी काढायला लावले. फक्त मुलं—" आणि हे तो मनात म्हणाला की तोंडाने, त्याला कळलं नाही. अमेदेओने वर्तमानपत्र खाली ठेवलं होतं आणि टोपी काढावी तसा उगाच केसांवरून हात फिरवला होता.

कोसिमो दोन वर्षांपूर्वी रोमला आला होता. सार्डिनियातून निवृत्त होऊन गावी परतल्यावर त्याने तीन पत्रं लिहिली. साव्हेरिओने ती खणात ठेवली. मग तो स्वतःच आला. बाहेरच्या दालनात चार तास बसला, मांडीवर रुमालात बांधलेला मेंढीच्या दुधाच्या चीजचा गोळा. आत आला, गोळा टेबलावर ठेवला आणि खिशातून एक लहान निळी वही काढली. "तुळईला तडा आहे," तो म्हणाला. "मी त्याच्यावर काचेच्या पट्ट्या बसवल्यात, अकरा. सिमेंटने दोन्ही बाजूंना चिकटवायची. तडा हलला की काच फुटते. रोज दहाला जाऊन बघतो. वर्षात चार फुटल्या." साव्हेरिओने वही हातात घेतली नव्हती. "तुला काय हवंय, कोसिमो? मुलाचं काही? पेन्शनचं?"

"मला मूलच नाही, तुला ठाऊक आहे."

"माझ्याकडे जो येतो तो काहीतरी मागतो."

"मी पण मागतोय. टेकू मागतोय. चार टेकू दे, लोखंडी. आणि मुलं वर्षभर दुसरीकडे बसव. बाकीचं मी बघतो."

चार टेकू. मंत्र्याला ते पाठवायला एक सही पुरली असती. पण टेकू लावले की लोक विचारणार, का लावले? कोणी लावले? मग दाखला निघणार, तारखा निघणार, दोन जून, तेरा जून, आणि कोणत्याही पेपरवाल्याला अकरापर्यंत मोजता येतं. "बघतो," साव्हेरिओ म्हणाला होता. 'बघतो' म्हणून त्याने आयुष्यात कित्येकांची कामं केली होती आणि कित्येकांची मारली होती. कुठलं 'बघतो' कुठलं, हे ऐकणाऱ्याला आपोआप कळायचं. कोसिमोलाही कळलं. दारापाशी तो म्हणाला, "चीज सावलीत ठेव. उन्हाने फुटतं." त्यानंतर गेरार्दो फोनवर त्याची गंमत सांगायचा. तुमचा बालमित्र चळला हो, रोज दहाला शाळेत जाऊन काचा मोजतो, पोरं त्याला काचवाला म्हणतात. आणि साव्हेरिओ हसायचा. तेच हसू.

पावणेबाराला फोन पुन्हा वाजला. या वेळी लाईनीवर खरखर होती, आणि खरखरीच्या तळाशी गेरार्दोचा आवाज. गावाकडे मानाच्या माणसाच्या नावाआधी 'दोन' लावतात, साहेब म्हणावं तसं. "दोन साव्हेरिओ! दोन साव्हेरिओ, ऐकू येतंय का? पोलिसांच्या फोनवरून बोलतोय."

"मुलं," साव्हेरिओ म्हणाला.

"सगळी आहेत! एकशे बाराच्या एकशे बारा! एका पोराचा गुडघा फुटलाय, तोही पळताना पडला म्हणून."

"शाळा पडली ना?"

"शाळा भुईसपाट झाली. पण आत कोण होतं? मुलं चौकात होती ना, झेंडे घेऊन, तुमची वाट बघत!"

साव्हेरिओने भिंतीला हात टेकला. "तुल्लिओने तुला काल सांगितलं होतं."

"सांगितलं होतं," गेरार्दो म्हणाला, आणि त्याही परिस्थितीत त्याचा आवाज जरा ओशाळला. "पण मी गावात कसं सांगू, दोन साव्हेरिओ, की आपला मंत्री येत नाही? लोक काय म्हणाले असते? म्हणाले असते, मोन्तेफुस्कोचं आता काही खरं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. म्हटलं, सकाळी मुलं उभी करू, बँड वाजवू, अकरापर्यंत वाट बघू, मग सांगू की रस्त्यात गाडी बिघडली. बाई ओरडत होत्या, पोरं गारठली म्हणून. मी म्हटलं, उभी राहू देत, मंत्री येतोय. आणि बघा! वेळ आली होती, पण काळ आला नव्हता. लोक काय म्हणतायत माहितीये? संत व्हितोने आणि दोन साव्हेरिओने मुलं वाचवली. बायका तुमचा फोटो घेऊन चौकात बसल्यात. तुम्ही या. आजच या. आता पुढची वीस वर्षं तुम्हाला कोणी हलवत नाही."

साव्हेरिओच्या छातीतून श्वास सुटला. इतका मोठा, की त्याच्याबरोबर रडू आलं, आणि त्याने ते येऊ दिलं. पांढऱ्या कपड्याच्या टोकाने तो डोळे पुसत राहिला आणि देवाला म्हणाला, माझं म्हणणं खरं होतं, सगळं सांगतो, उद्याच सांगतो. एका लबाडीने मुलं मारायची आणि दुसरीने वाचवायची, हा तुझा काय न्याय आहे मला कळत नाही, पण सांगतो. "म्हणजे कोणाला काही नाही," तो फोनमध्ये म्हणाला.

लाईनीवर खरखर झाली. "मुलांना नाही," गेरार्दो म्हणाला. "तो तुमचा ओव्हरसियर होता ना. काचवाला. दहाला आत गेला होता, रोजच्यासारखा. कोणीतरी म्हणालं, आज मंत्री येतोय, आज कसल्या काचा. तर म्हणाला, तडा काय सुट्टी घेतो? पडवीतच होता. दाराच्या जवळ म्हणून लवकर सापडला. शिडीवर होता बहुतेक." मग गेरार्दोचा आवाज खाली आला, आणि खरखरीत तो अगदी कानाशी आल्यासारखा वाटला. "त्याच्या कोटात एक वही होती. निळी. ती मी माझ्याकडे ठेवलीये. मला काही वाचता येत नाही, दोन साव्हेरिओ, तुम्हाला ठाऊकच आहे."

तीस वर्षं औषधांच्या चिठ्ठ्या वाचणारा माणूस हे म्हणत होता. आणि साव्हेरिओच्या छातीतून पुन्हा एक श्वास सुटला. तो त्याने थांबवायचा प्रयत्न केला, पण श्वास थांबत नाही. तसाच मोठा, तसाच मोकळा. मघाच्या श्वासात आणि या श्वासात त्याला काही फरक सापडेना, आणि तो शोधत उभा राहिला. ज्या छातीने मुलांसाठी सुटकेचा श्वास टाकला त्याच छातीने हाही टाकला होता. शिडीवर उभा असलेला कोसिमो त्याला दिसला, मान वर, बोट काचेवर. या माणसाला मी लहानपणापासून ओळखतो. "दोन साव्हेरिओ? अंत्यविधीला तुम्ही दोन शब्द बोलावेत, लोकांना वाटतंय. एका बाकावरचे तुम्ही." "हो," साव्हेरिओ म्हणाला. "बोलेन." "आणि वही?"

आरशात अमेदेओ दिसत होता. तो पाठ करून चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा परजत होता, सावकाश, एकदा या अंगाने, एकदा त्या.

"जपून ठेव," साव्हेरिओ म्हणाला. "मी आल्यावर बघतो."

त्याने फोन ठेवला. या वेळी तो आकड्यावर पहिल्याच फटक्यात बसला. बारा वाजायला सात मिनिटं होती. जिना चढून बैठकीच्या दालनापर्यंत तीन मिनिटं. तो खुर्चीत बसला, गळ्यातला कपडा सारखा केला. अमेदेओने वाटीत ब्रश फिरवला, नवा फेस केला आणि उजव्या गालावर लावला. फेस गरम होता. "मुलं वाचली ना, साहेब?"

"वाचली. सगळी."

"देवाची कृपा." अमेदेओने बोटांनी त्याची हनुवटी धरून डोकं थोडं मागे कलवलं. मघाच्या चिऱ्यावर सुकलेलं रक्त होतं, ते ओल्या फडक्याने पुसून घेतलं. "आणि गेलं कोण?"

फळीवरच्या बाटल्या आपापल्या जागी उभ्या होत्या. साव्हेरिओने त्यांच्याकडे पाहिलं. एकही हलत नव्हती.

"कोणी नाही," तो म्हणाला.

अमेदेओने वस्तरा उचलला. मग म्हणाला, "मान वर करा साहेब," आणि साव्हेरिओने मान वर केली.